तोंडात क्लॅरिनेट असताना

माझ्या बायकोची, कमलची, एक जुनी तक्रार आहे. ती म्हणते, नवरा बँडमास्तर म्हटल्यावर लोकांना वाटतं, हिच्या घरी रोज गाणंबजावणं चालत असेल. आणि हा माणूस तर घरी तोंडच उघडत नाही, नुसत्या भुवया उडवतो. चहा पाहिजे, भुवई. भाजीत मीठ जास्त झालं, भुवई. तिचा भाऊ मुक्कामाला आला की दोन्ही भुवया. तक्रार खरी आहे, मी नाकारत नाही. पण हा दोष माझा नाही, धंद्याचा आहे.

ज्याच्या तोंडात सारा जन्म क्लॅरिनेट, त्यानं बोलायचं कशानं? दोन्ही हातांची बोटं वाद्यावर, ओठ तोंडाकडच्या पत्तीवर, मागे ढोल, दोन्ही अंगांना ताशे आणि पितळी वाद्यं, समोर नवरदेवाचे मित्र. त्या गदारोळात मी 'हळू वाजवा' असं ओरडलो असतो तर ते माझं मलाच ऐकू आलं नसतं. लोकांना वाटतं, बँडमास्तर म्हणजे सोनेरी झालरीचा लाल कोट घालून मिरवणारा माणूस. अहो, तो मिरवत नसतो, तो सारखा बोलत असतो. फक्त वरातीतल्या कुणाला ते कळत नाही.

आमचे इशारे साधे होते. क्लॅरिनेटचं तोंड आभाळाकडे गेलं की गाणं बदलायचं. डावं कोपर बाहेर आलं की लय उतरवायची. भुवया वर गेल्या की ढोलानं चढवायचं. आणि उजवा हात वाद्य सोडून टोपीवर गेला की सगळं बंद, अर्ध्या ओळीत असलो तरी बंद. क्लॅरिनेट वाजवता वाजवता कुणी उगाच हात सोडत नाही, त्यामुळे हा इशारा चुकून होणं शक्यच नाही, असा आमचा समज होता. तो केनवडला कसा खोटा ठरला, ते पुढे सांगतो.

हे इशारे सर्वांत आधी पकडायचा तो रज्जाक, आमचा ढोलवाला. लग्नाचा मोसम नसला की तो वाशीमला बसस्टँडच्या मागे सायकली दुरुस्त करायचा आणि मी शिलाई मशीन चालवायचो. मोसम आला की दोघंही कोट चढवायचो. मी भुवई उचलायचा नुसता विचार केला तरी त्याचा दांडका खाली आलेला असायचा. हा रज्जाक एका मोसमात मला सोडून जायला निघाला होता, आणि 'जाऊ नको' म्हणायची सोय राहिली नव्हती, कारण आमचं बोलणं बंद होतं. त्याचीच ही हकीकत आहे.

रज्जाक गेला तर काय जाणार होतं, ते बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून आधी धंद्यातली एक गोष्ट सांगतो. वरात पुढे नेतो तो मास्तर नव्हे आणि घोडाही नव्हे. वरात ढोल नेतो. नाचणारा माणूस कुणाचंच ऐकत नाही. त्याला 'पुढे चला' म्हटलं की तो हटकून तिथंच बसून नागीण होतो. रज्जाक त्याला काही म्हणायचा नाही. वाजवत वाजवत नाचणाऱ्यांमधून अलगद सरकायचा आणि चार घरं पुढे जाऊन उभा राहायचा. ढोल जिकडे, पाय तिकडे. नाचणाऱ्यांना वाटायचं, आपण आपल्याच मर्जीनं आलो.

किन्हीराजा गावी एकदा नवरीचा बाप रस्त्याच्या कडेला उभा होता. मनगटावर बोट ठेवून मला दाखवत होता. मनगटावर घड्याळ नव्हतं, तरी सगळे बाप तिथंच बोट ठेवतात. आणि माझ्यासमोर नवरदेवाचा मामा दोन्ही तळवे जमिनीकडे दाबून सांगत होता, इथंच, इथंच वाजवा. मी कुणाचं ऐकायचं? बिदागी मामाच्या हातात आणि भात बापाच्या चुलीवर. मी रज्जाककडे पाहिलं. त्यानं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा मामाच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं आणि ढोल घेऊन जो निघाला तो थेट मांडवाच्या तोंडाशी. मामा नाचत नाचत आत आला, घाम पुसला आणि मला म्हणाला, "मास्तर, आपुन इठी कवा आलो?"

माणसं वाचायला मी रस्त्यावरच शिकलो. ज्याला नाचायचं आहे पण लाज वाटते, तो आधी खिशातला मोबाईल काढून बायकोच्या हातात देतो. त्यानं मोबाईल दिला की मी भुवया उचलायचो. पुढचं काम ढोलाचं. नवरदेवाच्या बहिणी पदर कमरेला खोचायला लागल्या की गाणं बदलायचं, कारण त्यांना मुलांचं धांगडधिंगा गाणं चालत नाही. आणि जो माणूस नाचायच्या आधी चपला काढून बाजूला नीट ठेवतो, त्याला हलवणं सर्वांत कठीण. तो तयारीनं आलेला असतो.

आता केनवड.

आमच्याकडे एक रीत आहे. वरात चालली असताना वाटेत दुखवट्याचं घर लागलं, म्हणजे त्या घरी नुकतंच कुणी गेलेलं असलं, तर बँड बंद होतो. पुढचा माणूस मागे वळून हात खाली करतो, मी टोपीला हात लावतो आणि सगळी वरात त्या घरावरून मुकाट्यानं जाते. बाया डोक्यावर पदर घेतात, घोड्यावरचा नवरदेव मान खाली घालतो. घर मागे पडलं की पुन्हा वाजवायचं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. कुठल्याही जातीची, धर्माची वरात असो, बँड थांबला की माणसं आपोआप गप्प होतात.

केनवडची वरात भर उन्हातली होती. वऱ्हाडी बाहेरगावचे. गाणं रंगात आलेलं, नवरदेवाचा मामा एक पाय वर उचलून गिरकी घेण्याच्या बेतात. एवढ्यात एक गांधीलमाशी माझ्या टोपीच्या काठाखाली शिरली आणि तिनं कानशिलावर डंख मारला. माझा हात आपोआप टोपीवर गेला.

रज्जाकचा दांडका हवेतच राहिला. ताशे थांबले, पितळ थांबलं. मामाचा पाय वरच.

तरीही निभावलं असतं, पण ज्या घरासमोर आम्ही थांबलो, त्या घराच्या ओट्यावर खाटेवर एक म्हातारा उताणा पडलेला, आणि त्याच्या तोंडावर पांढरा ओला दुपट्टा. नामदेव आबा त्यांचं नाव, हे मला मागून कळलं. तापानं पडून होते आणि गर्मीनं दुपट्टा भिजवून तोंडावर घेतला होता. वऱ्हाड्यांनी थांबलेला बँड पाहिला, खाट पाहिली, दुपट्टा पाहिला. बायांचे पदर डोक्यावर गेले. नवरदेवानं मान खाली घातली. मामानं पाय हळूच खाली ठेवला आणि हात जोडले. शेजारच्या ओट्यावर वरात पाहायला आलेल्या एका बाईनं हे पाहिलं आणि तिला वाटलं, आपल्याआधी वरातीला कळलं. "अवमाय! आबा गेले वं!" म्हणून तिनं गळा काढला, तिच्यामागून आणखी दोघींनी काढला.

आबा ढोलताशात गाढ झोपलेले होते, त्यांना शांततेनं जाग आली. त्यांनी तोंडावरचा दुपट्टा बाजूला केला.

"काहून थांबले रे बाजे?" ते म्हणाले.

आबांनी सगळ्यांच्या झुकलेल्या माना पाहिल्या, रडणाऱ्या बाया पाहिल्या आणि घाबरून विचारलं, "कोन मेलं?"

सगळेजण त्यांच्याचकडे पाहत होते. आबांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग ते खाटेवरून उठले, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "अबे, मी जित्ता हाओ ना! ढळढळीत जित्ता हाओ!"

मी माफी मागायला तोंडातून क्लॅरिनेट काढलं. आबा म्हणाले, "ते तोंडातच ठेव. साऱ्या गावाले दिसलं पायजे का मी मेलो नाही. वाजव!" आणि तापातल्या त्या म्हाताऱ्यानं आपल्या ओट्यासमोर दुपट्टा फिरवत असा नाच केला की नवरदेव घोड्यावरून उतरून त्यात सामील झाला. रडणारी बाई हसत होती. ज्यांनी मोबाईल बायकांकडे दिले होते, त्यांनी ते परत मागून घेतले आणि व्हिडिओ काढले. त्या दिवशी नुकसान झालं ते फक्त माझ्या कानशिलाचं. ते पावासारखं फुगलं होतं.

आणि मग जेवणाच्या वेळी, मांडवाच्या मागे, आचाऱ्यांच्या देखत मी आणि रज्जाक भिडलो.

"तुले माशी आन इशारा यातला फरक समजत नाही काय?" मी म्हणालो.

"टोपीले हात गेला का बंद," रज्जाक म्हणाला. "तो हात माशीनं नेला का खुदानं नेला, मी कायले पाहू?"

"माह्यं तोंड तं पाहाचं! बंद कराले सांगताना कोनी असं तोंड करते काय?"

"तुह्यं तोंड रोजच असं असते."

आचारी खो खो हसले. इथं थांबायला हवं होतं. पण कानशील ठणकत होतं. मी म्हणालो, "ढोल काय, कोनीबी बडवते." तो म्हणाला, "मंग बडव तू. पाहू तुही पिपानी आयकाले कोन येते ते." क्लॅरिनेटला पिपाणी! जत्रेत लहान पोरं फुंकतात ती! मी ताट घेऊन आंब्याच्या झाडाखाली गेलो, तो ताट घेऊन टेम्पोत जाऊन बसला. बोलणं बंद.

माझं आजही म्हणणं आहे की माशी चावलेला माणूस ओळखू येतो. त्याचंही आजवर एकच म्हणणं आहे, टोपीला हात गेला की बंद. तो मुद्दा सोडून द्या.

अबोला कसा चालला, ते मात्र ऐकण्यासारखं आहे. ताशेवाला संतोष टेम्पोत आमच्या दोघांच्या मधे बसायचा. मी म्हणायचो, "संतोष, त्यांले सांग, उद्या सकाळीच रिसोडले निघाचं हाये." रज्जाक म्हणायचा, "संतोष, त्यांले सांग, मी बहिरा नाही." आयुष्यभर एकमेकांना अरेतुरे करणारे आम्ही, एकदम 'त्यांले' झालो होतो. एवढी इज्जत आम्ही एकमेकांना कधी दिली नव्हती आणि एवढं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

पण वाजवायला उभं राहिलं की अबोला धरता येत नाही. डोळ्याला डोळा द्यावाच लागतो. मी भुवई उचलली की त्याचा ढोल चढायचा, कोपर काढलं की उतरायचा. वरातभर आम्ही मनमोकळं बोलायचो आणि मांडवात ढोल खाली ठेवला की तो तोंड फिरवायचा. त्या मोसमात आमचा बँड जसा वाजला तसा कधी वाजला नव्हता. लोक मुद्दाम येऊन सांगायचे, "मास्तर, तुमची जोडी म्हनजे काय बोलाचं!" आम्ही दोघं दोन दिशांना पाहून मान डोलवायचो.

चहा आला की तो माझा बिनसाखरेचा कप वेगळा मागून घ्यायचा, माझ्याजवळ फळीवर ठेवायचा आणि न पाहता निघून जायचा. साखरेचा आजार मला झाल्याचं माझ्याआधी त्याला कळलं होतं. असा माणूस.

मोसम संपत आला तेव्हा कमलनं बातमी आणली. आमच्या दोघांचा अबोला असला तरी आमच्या बायकांचा नव्हता. झुबेदा भाभी आणि कमल रोज संध्याकाळी बोलायच्या. रज्जाकच्या जावयाची अकोल्याला डीजेची गाडी आहे. शेवटची तारीख झाली की रज्जाक तिकडे जाणार होता. कायमचा.

"तो काय वाजवनार डीजेवर?" मी विचारलं.

"वाजवत नाही. जनरेटर पाह्यनार हाये," कमल म्हणाली.

मला हसावं की रडावं कळेना. ज्या माणसाच्या मागे सारी वरात चालायची, तो जनरेटरमध्ये डिझेल ओतणार. मी भुवया उचलल्या.

"भुवया नका उडवू," कमल म्हणाली. "जा आन तोंडानं सांगा, जाऊ नको म्हून."

तेच तर होत नव्हतं. आमच्याकडे थांब, चढव, उतरव, बदल, सगळ्याला इशारा होता. 'जाऊ नको' याला नव्हता. कधी लागलाच नव्हता. मी पुष्कळ प्रयत्न केले. एकदा माझी सायकल घेऊन त्याच्या दुकानावर गेलो. हवा मीच काढली होती. त्यानं सायकल घेतली, चाकाकडे पाहिलं, व्हॉल्व्ह माझ्या डोळ्यांसमोर धरला. तो हातानं सैल केलेला आहे, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी डोळ्यांनी जमेल तेवढं सांगितलं. त्यानं हवा भरली आणि सायकल माझ्याकडे ढकलली. त्याला कळलं नाही की कळून त्यानं तसं केलं, ते मला समजलं नाही, आणि त्या न समजण्याचीच मला मोठी भीती वाटली. कारण आजवर त्याचं मला सगळं समजायचं.

शेवटची तारीख शिरपूरची. सकाळची वरात. टेम्पोतून उतरल्यावर त्यानं ढोल गळ्यात घेतला आणि पट्टा दोनदा ओढून पाहिला. आज ही वरात मांडवात पोचली की संपलं.

मी वाजवत होतो आणि प्रत्येक वळणावर मनात म्हणत होतो, इथं थांबा, इथंच नाचा. नेमकी ती वरात शहाणी निघाली. मामा शांत, मित्र थोडके, चपला काढणारा एकही नाही. ऊन व्हायच्या आत आम्ही मांडवाच्या दारात.

मांडवाच्या दारात एक शेवटचं गाणं असतं. ते संपवायचं मास्तरनं. गाण्याची शेवटची ओळ मी सावकाश, लांबवून वाजवली की ढोलाला कळतं. तो तीन ठोके देतो आणि वरात संपते. मग नवरदेवाला ओवाळतात.

मी शेवटच्या ओळीपर्यंत आलो. रज्जाकनं दांडका वर घेतला. आणि मी ओळ लांबवली नाही. पुन्हा पहिल्या ओळीवर गेलो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ढोल सुरू ठेवला. मास्तरच्या मनात आलं असेल. गाणं फिरून शेवटाला आलं. मी पुन्हा वर गेलो. तिसऱ्यांदाही गेलो. नवरदेवाची सासू आरतीचं ताट घेऊन उभी होती, तिनं ताट या हातातून त्या हातात घेतलं. नवरीचा बाप मनगटाला बोट लावू लागला. मामाही मनगटाला बोट लावू लागला; मामा आणि बाप एकाच बाजूला, असं मी साऱ्या जन्मात तेवढं एकदाच पाहिलं. संतोष डोळे मोठे करून विचारत होता, काय झालं? पितळवाल्यांचे गाल दुखायला लागले होते. घोडं बसू पाहत होतं. सगळा गाव हातांनी, मानांनी, डोळ्यांनी मला एकच सांगत होता, बस करा मास्तर. मला सगळ्यांचं सगळं कळत होतं. मी फक्त रज्जाककडे पाहत होतो आणि वाजवत होतो. दम लागला होता, सूर फाटत होते, पण संपवलं असतं तर तो गेला असता.

तो दांडका मारत मारत माझ्या जवळ येत गेला. अगदी समोर आला. माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, बराच वेळ. मग त्यानं कधी केलं नव्हतं ते केलं. माझ्या सांगण्याशिवाय हात ढोलाच्या चामड्यावर ठेवला आणि ढोल बंद केला. सगळेच थांबले. माझं एकट्याचं क्लॅरिनेट तेवढं वाजत राहिलं.

"नाही जात मी," रज्जाक म्हणाला. साऱ्या मांडवाला ऐकू गेलं. "कुठंबी नाही जात. आता संपव बे गानं, त्या पोराचं लगन लागू दे."

मी शेवटची ओळ वाजवली. बेसूर वाजली. त्यानं तीन ठोके दिले.

परतीच्या टेम्पोत संतोष सवयीनं आमच्या मधे बसायला आला तर रज्जाकनं त्याला मागे पाठवला. मग माझ्याजवळ बसून त्यानं सबंध मोसमाचं साठलेलं बोलायला सुरुवात केली. रिसोडला मी लय पळवली. मालेगावला चुकीचं गाणं घेतलं. सायकलची हवा काढता येत नसेल तर माणसानं काढू नये. आणि यंदा मी शिवलेल्या कोटांच्या बाह्या काखेत इतक्या घट्ट होत्या की दांडका उचलताना जीव जात होता, आणि हे तो सांगणार कुणाला होता, संतोषला?

मी बाहेर तोंड करून बसलो होतो.

"रडून राह्यला काय बे?" त्यानं विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"पाठीवरून दिसून राह्यलं मले," रज्जाक म्हणाला, आणि पुन्हा बाह्यांवर आला.